बँकेने कर्जासोबत काढलेला घराचा विमा पुरतो का? इमारतीचा आणि सामानाचा विमा वेगळा असतो का?

पनवेलला तिसऱ्या मजल्यावर ५४० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट घेतलाय, ५८ लाखांना. कर्जासोबत बँकेने विमा लावलाय, सोसायटीचाही आहे, मग आणखी खर्च कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी चिपळूणची. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. २०१४ मध्ये कर्ज घेताना बँकेने पुढे केलेल्या कागदांवर आम्हीही सह्या केल्या आणि घराचा विमा आहे असं धरून सात वर्षं निर्धास्त राहिलो.

२२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी आत शिरलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो म्हणून वाचलो. पाणी ओसरल्यावर खाली आलो तर दार उघडेना. फ्रिज तरंगत येऊन आतून दाराला आडवा पडला होता. भिंतीवर पंख्याच्या पात्यांच्या उंचीला चिखलाची रेघ होती. गाद्या, तांदळाचं पिंप, सासूबाईंचं शिलाई मशीन, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळ्यावर एकच राखाडी थर. पॉलिसीही कपाटातच होती, तिचा लगदा झालेला. बँकेतून प्रत आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचली. तीत फक्त इमारत होती. प्लास्टर, वायरिंग आणि फुगलेल्या दारांचे पैसे मिळाले. सामानाचा एक रुपया मिळाला नाही, आणि कंपनीचं त्यात काही चुकलं नव्हतं. सामानाचा विमा आम्ही काढलाच नव्हता.

म्हणून आधी बँकेने दिलेला कागद शांतपणे वाचा. पुष्कळदा तो घराचा विमा नसतोच. कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फेडणारा तो आयुर्विमा असतो. आग लागली तर त्यातून काही मिळत नाही. घराचाच असेल तर विमा रक्कम किती, 'सामान' हा शब्द कुठे आहे का आणि मुदत कधी संपते, एवढं बघा. सोसायटीची पॉलिसी इमारतीपुरती असते; तुमचं कपाट, टीव्ही, कपडे तिच्यात येत नाहीत. सचिवांकडून तिची प्रत मागून घ्या. तुमच्या वर्गणीतूनच तिचा हप्ता जातो, तेव्हा संकोच करू नका.

आता पॉलिसीबद्दल. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली आहे. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून आलेलं पाणी, हे सगळं तिच्या मूळ शब्दांतच आहे. तिसऱ्या मजल्यावर पूर येणार नाही हे खरं. पण शॉर्ट सर्किट मजला बघत नाही आणि वरच्या घरातला पाइप फुटला तर पाणी तुमच्याच छतातून येणार.

इमारतीची रक्कम ठरवताना लोक हमखास गोंधळतात. तुम्ही ५८ लाख मोजलेत, पण त्यात जमिनीची किंमत आहे आणि जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. समजा तुमच्या भागात बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर ५४० गुणिले २,००० म्हणजे १०,८०,००० रुपये. ५८ लाखांचा विमा काढून जास्त हप्ता भरण्यात अर्थ नाही. उलट, हप्ता वाचवायला कार्पेट कमी लिहू नका. या पॉलिसीत रक्कम कमी पडली म्हणून प्रमाणात कपात करत नाहीत, ही मोठीच सोय आहे (जुन्या पद्धतीत दहा लाखांच्या घराचा पाच लाखांचा विमा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख मिळायचा), पण माहिती खरी हवी.

सामानाचं बघा. इमारत आणि सामान दोन्ही घेतलं तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, सामान यादी न देता धरलं जातं. तुमच्या बाबतीत ते २,१६,००० रुपये होतात. पुरतील का? तुम्हीच मोजा. एका रविवारी वही घेऊन प्रत्येक खोलीत उभं राहा आणि आज नवीन घ्यायचं तर काय पडेल ते लिहा. आम्ही नंतर हे केलं तेव्हा नुसत्या स्वयंपाकघराचा आकडा बघून हे गप्प बसले. भांडी, मिक्सर, गॅस, फिल्टर, एकेक वस्तू किरकोळ वाटते. कपडे तर कुणी मोजतच नाही. भिंतीला ठोकलेला एसी आणि टीव्हीही सामानातच लिहा. आकडा वर गेला तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कलम घ्यावं लागतं आणि त्यांची किंमत आधी ठरवून घ्यावी लागते. रोख रक्कम धरत नाहीत.

दोन गोष्टींत फसगत होते. एक, पावसाळ्यात हळूहळू झिरपणारी ओल. गच्चीची गळती किंवा वरच्या बाथरूमची ओल ही झीज मानतात, तिचे पैसे मिळत नाहीत. दुसरी, चोरी. आग किंवा पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांत झालेली चोरी या पॉलिसीत आहे. एरवी गावाला गेल्यावर कुलूप फोडून झालेली नाही. ती हवी तर घरफोडीचा विमा वेगळा घ्या, आणि घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर काय अट आहे ते कंपनीकडून लेखी घ्या.

पुरानंतर आमच्या हातून एक चूक झाली. दुर्गंधी सहन होईना म्हणून सगळं रस्त्यावर काढलं आणि नगरपालिकेच्या डंपरने ते नेलंही. विम्याचे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघून मोजणारे, आले तेव्हा दाखवायला भिंतीच होत्या. शेजारच्या काकांचा सामानाचाही विमा होता. त्यांनी कंपनीला आधी कळवलं, मोडक्या वस्तू अंगणात एका बाजूला रचून ठेवल्या. बिलं वाहून गेलेली, तर मुलीच्या साखरपुड्याचे जुने फोटो दाखवले. पाहुण्यांच्या मागे टीव्ही, सोफा, फ्रिज सगळं दिसत होतं. सर्व्हेअरने ते ग्राह्य धरले.

क्लेम नाकारला किंवा फारच कमी दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

आता आम्ही दर मे महिन्यात फोनवर घराचा व्हिडिओ काढतो. प्रत्येक कपाट उघडून, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागचे नंबर दिसतील असा. तो आणि पॉलिसीची प्रत पुण्याच्या बहिणीला पाठवून ठेवतो. मुलगीच काढते, आणि ती माळाही सोडत नाही.