थंबनेल केवढं असावं? वाचकांचे पाच प्रश्न

मी रेसिपीचे व्हिडिओ करते. फोनवर काढलेला फोटो थंबनेलला (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या चित्राला) लावला की ताट वरून-खालून कापलं जातं. नेमकं माप काय ठेवू? (सोलापूर)

यूट्यूबसाठी 1280 × 720 पिक्सेल. रुंदी 640 च्या खाली नको. तुमची अडचण मात्र मापाची नाही, प्रमाणाची आहे. थंबनेल 16:9 (रुंदी : उंची) असतं आणि फोनचा कॅमेरा बहुधा 4:3 मध्ये फोटो काढतो. 4000 × 3000 चा फोटो 16:9 मध्ये बसवायचा तर उंचीतले 750 पिक्सेल, म्हणजे चक्क पाव भाग उडवावा लागतो. तुम्ही ताट काठोकाठ घेतलं असेल तर कात्री कोशिंबिरीवर चालणारच! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 16:9 निवडता येतं. पण मी म्हणेन, फोन आडवा धरा, 4:3 च ठेवा आणि दोन पावलं मागे सरकून फोटो काढा. मग काय कापायचं ते तुम्ही ठरवाल. आणि कापायला नको म्हणून फोटो ताणून बसवू नका, गोल पुरणपोळी लंबगोल दिसते.

माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आता थंबनेलचीही कामं येतात. सवयीने 300 डीपीआय ठेवतो, पण फाइल 2 एमबीच्या वर जाते. 72 केलं तर क्वालिटी जाईल ना? (बारामती)

नाही जाणार. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तो हिशोब. पडद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. 1280 × 720 ची फाइल 72 वर ठेवा नाहीतर 300 वर, पिक्सेल तेच 9,21,600. फक्त माप इंचात घालू नका, नाहीतर डीपीआयबरोबर पिक्सेलही बदलतात.

फाइल फुगते ती बहुधा पीएनजीमुळे. पीएनजी एकही ठिपका न गमावता चित्र साठवते, त्यामुळे फोटो असला की वजन वाढतं. तोच फोटो जेपीजीमध्ये 80-85 क्वालिटीवर काढा, काही शे केबीत काम होतं. नुसती अक्षरं आणि सपाट रंग असतील तर पीएनजी चांगली. यूट्यूबने 2025 मध्ये थंबनेलच्या फाइलची 2 एमबीची मर्यादा 50 एमबीपर्यंत वाढवत असल्याचं जाहीर केलं, मोठ्या टीव्हीवर 4के थंबनेल दिसावीत म्हणून. तरी गिऱ्हाइकाला 2 एमबीच्या आतली फाइल द्या, कुठेच अडणार नाही.

फ्लेक्सवाल्यांसाठी आणखी एक: फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांत) असेल तर आरजीबी (पडद्याचे रंग) करून द्या, नाहीतर रंग भलतेच दिसू शकतात. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र दाबून लहान करतं.

थंबनेलवर ‘शेतकऱ्यांसाठी पीक विमा योजना संपूर्ण माहिती’ असं लिहितो. कॉम्प्युटरवर सुरेख दिसतं, पण लोक म्हणतात वाचता येत नाही. (परभणी)

लोकांचं बरोबर आहे. तुम्ही चित्र बनवता 1280 रुंदीवर, पण व्हिडिओशेजारच्या यादीत ते जेमतेम 170 पिक्सेलचं उरतं, साधारण साडेसातपट लहान. तुमची अक्षरं 60 पिक्सेल उंच असतील तर तिथे ती आठ पिक्सेल. इंग्रजी कॅपिटल अक्षरं त्यात कशीबशी निभावून नेतात. आपल्याला त्याच आठ पिक्सेलमध्ये वर वेलांटी, खाली उकार आणि मधे शिरोरेषा बसवायची असते. पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा.

तेव्हा मोठ्या अक्षरांत फक्त ‘पीक विमा’ लिहा. बाकीचं शीर्षकात येतंच, आणि शीर्षक थंबनेलच्या खाली किंवा शेजारी दिसतंच. तेच दोनदा कशाला? अक्षरं 150 पिक्सेलच्या आसपास ठेवा. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांची जाड वळणं थंबनेलला शोभतात. अतिजाडही नको, ‘क्ष’ आणि ‘द्ध’ची पोटं बुजतात. दोन ओळी असतील तर मधे जागा सोडा, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

रंगांचंही एक आहे. जेपीजी बनताना उजेड-अंधाराचा तपशील बहुधा पूर्ण राहतो, रंगाचा मात्र निम्म्या बारकाईने साठवला जातो. म्हणून निळ्यावर लाल अक्षरांच्या कडा फुटतात आणि काळ्यावर पिवळी खणखणीत दिसतात. शेवटी झूम 13 टक्क्यांवर आणून बघा. तिथे वाचता आलं तरच अपलोड करा.

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर यूट्यूबची थंबनेल आपोआप येतात, पण वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. चॅनेलवर तर नसतात. (चिपळूण)

यूट्यूब प्रत्येक थंबनेलच्या अनेक प्रती करून ठेवतं. त्यातली ‘एचक्यूडिफॉल्ट’ नावाची प्रत 480 × 360 ची, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी 4:3 असते. तुमचं 16:9 चित्र तिच्यात 480 × 270 एवढीच जागा घेतं, मग वर 45 आणि खाली 45 पिक्सेल काळे. वेबसाइट करणाऱ्याला ‘एमक्यूडिफॉल्ट’ (320 × 180) किंवा ‘मॅक्सरेसडिफॉल्ट’ (1280 × 720) वापरायला सांगा. ‘मॅक्सरेसडिफॉल्ट’ प्रत्येक व्हिडिओची असतेच असं नाही, त्यामुळे ती न मिळाल्यास ‘एमक्यूडिफॉल्ट’ दाखव अशी सोय ठेवायला लावा. मूळ थंबनेल पुन्हा बनवत बसू नका, त्याचा काही दोष नाही.

कीर्तनाच्या थंबनेलवर तारीख उजवीकडे खाली टाकतो, ती झाकली जाते. आणि इन्स्टाग्रामच्या रीलला तेच चित्र चालेल का? (नेवासे)

उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं, तो कोपरा मोकळाच सोडा. तारीख डावीकडे वर घ्या.

रीलला ते चित्र चालणार नाही. रीलचं कव्हर उभं, 1080 × 1920. शिवाय प्रोफाइलवरच्या जाळीत इन्स्टाग्रामने 2025 च्या सुरुवातीला चौरसाऐवजी 3:4 चौकट आणली. म्हणजे तिथे मधले 1080 × 1440 दिसतात, वरचे-खालचे 240-240 पिक्सेल जातात. बुवांचा फेटा आणि तारीख दोन्ही त्या मधल्या भागात बसवा.