कलमांवर कर्ज काढून पीएचडी नको

तू देवगडची, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी. मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागांच्या, आजारांवर काम करायचंय, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने घेतलंय, पण फी तुझी तू भरायची. बाबा आंब्याच्या कलमांवर कर्ज काढायला तयार आहेत, जाऊ का, असं विचारतेस. मी वेंगुर्ल्याची, जर्मनीत कोलोनला याच विषयात पीएचडी करतेय. या अटींवर नको जाऊस.

जर्मनीत पीएचडी म्हणजे बहुतेक ठिकाणी नोकरीच. करारपत्र होतं, जीवशास्त्रात साधारण तिथल्या सरकारी वेतनश्रेण्यांतल्या तेराव्या श्रेणीच्या 65 टक्के पगार मिळतो, त्यातूनच आरोग्यविमा कापला जातो. शिकवणी फी नाही. इंग्लंडला फी, राहणं आणि वर वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार, तोही सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या वेळीच. तिथे जायचंच असेल तर पूर्ण शिष्यवृत्तीच्या जागेसाठी धडपड. यूकेआरआय या ब्रिटिश सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या पैशावरच्या 30 टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात.

आणि सातबारा उघडून बघितलास का? आपल्याकडे त्यावर चुलत आजोबांपासून मुंबईच्या आत्यांपर्यंत सगळ्यांची नावं. सह्या गोळा होईपर्यंत तुझी जागा जायची.

न्यूकॅसलचं नाव तू घेतलंस. 2015 च्या कायद्याने तिथे मायटोकाँड्रियादानाची (गर्भासाठी दुसऱ्या बाईचे निरोगी मायटोकाँड्रिया वापरण्याची) वाट मोकळी झाली, पण ते आजार आईकडून बाळाकडे जाऊ नये म्हणून. आजारी असलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही. त्याच्यासाठी काही करायचं तर पेशीचा चयापचयच धरावा लागतो.

आमचं रोजचं काम सांगते. रुग्णाच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशी ग्लुकोजवर धडधाकट दिसतात, कारण ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकाँड्रियाशिवाय नुसतं ग्लुकोज फोडून मिळणाऱ्या ऊर्जेवर, त्यांचं भागतं. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज दिलं की सगळी भिस्त मायटोकाँड्रियावर येते. मग काही दिवसांत त्या गोल होतात, डिशच्या तळापासून सुटतात आणि मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, तरंगायला लागतात. त्यात एखादं संयुग घालून किती पेशी चिकटून राहिल्या ते मोजायचं. बहुतेक वेळा फरक नसतो. मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत जनुकं 37, त्यातून प्रथिनं फक्त 13. बाकीची हजाराहून जास्त प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात. बिघाड कुठेही असू शकतो, म्हणून एकाच्या पेशी सावरणारं संयुग दुसऱ्याच्या पेशींना लागू पडेलच असं नाही.

म्हणून मुलाखतीत तूही विचार: रुग्णांच्या पेशी कुठल्या हॉस्पिटलमधून येतात, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, रविवारी मीडिया कोण बदलतं. चतुर्थीला घरी यायचं असेल तर तेही आधीच बोलून घे. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून येता येतं, गाईडकडून रजा मात्र आयत्या वेळी मिळत नाही. (कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट हा वेगळाच विषय.)

आता अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत तुझं विद्यापीठ आणि पदवी कशी नोंदवली आहे ते बघ. कोलोनला माक्स प्लांकची वार्धक्याच्या जीवशास्त्राची संस्था आहे, मायटोकाँड्रियावर काम करणारे गट तिथेही सापडतील. गटप्रमुखाला मेल टाकताना त्यांच्या एखाद्या पेपरातल्या प्रयोगावर नेमका प्रश्न विचार, 'रिस्पेक्टेड सर' छापाचं पाठवू नकोस. आणि इंग्लंडला एवढ्यात नाही कळवू नकोस. जागा वर्षभर पुढे ढकलता येते का, ते आधी विचारून घे.