आधी काय बिघडेल, ते विचारा

एकदाच घेऊन आयुष्यभर वापरता येतील अशा घरगुती वस्तू आणि कपडे कसे निवडावेत, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. अनेकांनी कंपन्यांची नावे सुचवण्याची विनंती केली आहे. ती मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच नावाखाली निघणाऱ्या मालाचा दर्जा काही वर्षांनी बदलतो आणि आईच्या काळातल्या अनुभवावर आजची खरेदी करणे बरे नव्हे.

प्रश्न : लग्नानंतर आम्ही नवे बिऱ्हाड मांडत आहोत. स्टीलची भांडी एकदाच पण चांगली घ्यावीत असा विचार आहे. दुकानदार भांड्याला लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ असे सांगतो. त्यावर विश्वास ठेवावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ठेवू नये. भांड्यांसाठी उत्तम समजल्या जाणाऱ्या 304 प्रतीच्या पोलादात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, इथवर दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. मात्र निकेल महाग असल्यामुळे ते कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले 200 मालिकेतले स्वस्त पोलादही चुंबकाला दाद देत नाही, आणि ते पाणी व मीठ यांच्यापुढे लवकर हार खाते. उलट, खऱ्या 304 च्या पत्र्याला दाबून खोल पातेल्याचा आकार दिला, की वळणाच्या ठिकाणी चुंबक किंचित ओढला जाऊ शकतो. इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या तळाला तर चुंबक चिकटलाच पाहिजे. तेव्हा चुंबक दुकानदाराला परत करावा, भांड्यावर प्रतीचा आकडा कोरला आहे का ते पाहावे आणि तोच आकडा बिलावर लिहून मागावा. बिलावर लिहायला कोणी कां-कूं करू लागला, तर उत्तर मिळाले असे समजावे.

प्रत बरोबर निघाली तरी काम संपत नाही. कोणतीही वस्तू हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की हिचा कोणता भाग सर्वांत आधी बिघडेल आणि तो बदलून मिळेल का. स्टीलच्या कढईचा पत्रा सहसा झिजून संपत नाही. आधी निखळतो तो कान. नुसता डाग देऊन चिकटवलेला कान निघाला, की भांडे अडगळीत जाते. रिव्हेट मारून बसवलेला कान सैल झाला, तर ठोकून पुन्हा घट्ट करता येतो. कुकरचेही तसेच आहे. त्याचे भांडे पंचवीस वर्षे सहज निघते, पण रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांना तेवढे आयुष्य नसते आणि ते असावे अशी अपेक्षाही करू नये. म्हणून कुकर घेताना आयएस 2347 या मानकाचे आयएसआय चिन्ह पाहावे आणि दुकानातून निघण्यापूर्वी त्याच आकाराची सुटी रिंग मागून पाहावी. जी रिंग गल्लीतल्या दुकानात मिळते, तिचा कुकर टिकतो. जी केवळ कंपनीकडूनच मागवावी लागते, तिचा कुकर मॉडेल बंद झाल्याच्या दिवशी निकालात निघतो.

नॉनस्टिक तवा आयुष्यभराच्या यादीत धरू नये. त्याचा लेप सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर थोड्याच वेळात तेथवर पोचतो. लेप गेला, की तव्यात दुरुस्त करण्यासारखे काही उरत नाही. बिडाचा तवा मात्र आजीकडून नातीकडे जातो, कारण त्याचा लेप आपणच तेल लावून, तापवून पुनःपुन्हा करू शकतो. त्याला फक्त दोन गोष्टी सोसत नाहीत, उंचावरून पडणे आणि तापलेला असताना अंगावर गार पाणी.

एक सूचना स्टीलच्या वापराविषयी. थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी तसेच बसू दिले, तर चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घालावे. आणि भांड्यांवर नाव घालून घेण्याची पद्धत हौशीची वाटली तरी सोडू नये. लग्नाची तारीख कोरलेले पातेले शेजारून परत येते, बिननावाचे येईलच असे नाही.

प्रश्न : सासूबाईंकडून पितळेची चार पातेली, एक कढई, तांब्याचा हंडा आणि काशाची दोन ताटे माझ्याकडे आली आहेत. कल्हईवाला आता दारावर येत नाही. भांडी मोडीत घालावीत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मोडीत मुळीच घालू नयेत. आयुष्यभर टिकण्याच्या कसोटीला आपली भांडी कधीच उतरलेली आहेत. प्रश्न केवळ त्यांच्या देखभालीचा आहे.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यात चिंच, कोकम, टोमॅटो किंवा ताक घातलेला पदार्थ शिजवला वा ठेवला, की तो कळकतो, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक असे. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा पातळ थर. भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात, ती पृष्ठभाग स्वच्छ करते, आणि मग कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवतात. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये असे म्हणतात ते याचमुळे. आतल्या थराचे थेंब होऊन ओघळतात आणि खालचे पितळ उघडे पडते. आमटी, भात, दूध यांत पाणी असल्यामुळे भांडे एवढे तापत नाही. आपली कढई फोडणीसाठी किंवा तळणासाठी वापरायची असेल, तर मात्र कल्हई फार दिवस राहणार नाही. ते काम लोखंडी कढईवर सोपवावे. घासताना तारेची घासणी वापरू नये.

आपल्या शहरातल्या भांडी बाजारात चौकशी केल्यास कल्हई करून देणारा कारागीर बहुधा सापडेल. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी आणि मुंबईत तांबाकाटा या परिसरांत अजूनही ही विचारपूस करता येते. भांडी देताना एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी, ती म्हणजे कथील शुद्ध हवे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते आणि कमी उष्णतेवर वितळत असल्यामुळे कारागिराला सोयीचेही असते, पण स्वयंपाकाच्या भांड्यात शिसे नको. थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, असे आपणच आधी सांगितलेले बरे. पुढची कल्हई किती महिन्यांनी, याचे ठरलेले गणित नाही. आत पिवळे डाग दिसू लागले, की वेळ झाली.

तांब्याच्या हंड्याला पिण्याचे साधे पाणी ठेवण्यासाठी कल्हई लागत नाही, मात्र त्यात लिंबू पिळून ठेवू नये. काशाच्या ताटांना कल्हईची गरज नसते, पण तांबे आणि कथील यांचा हा मिश्रधातू ठिसूळ असतो. ताट फरशीवर पडले तर तडकते, आणि तडकलेले कासे नीट जोडणारा माणूस मिळणे कठीण. त्यामुळे ती ताटे मुलांच्या हाती देऊ नयेत, एवढेच.

प्रश्न : पूर्वी वडिलांचा एक शर्ट आठ-दहा वर्षे जात असे. आता महागडे कपडेही वर्षभरात गोळे धरतात, उसवतात किंवा विटतात. कापड आणि शिलाई पारखावी कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कपडा उलटा करून पाहावा. दर्शनी बाजू विकण्यासाठी असते, आतली बाजू खरे बोलते. शिवणीत माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेले जास्तीचे कापड, किती ठेवली आहे, हे पहिले पाहावे. अर्धा इंच माया असलेला कपडा उसवून सैल करता येतो, दुसऱ्याला बेतता येतो. कडेला लागून ओव्हरलॉक मारलेल्या कपड्याची शिवण सुटली, की पुन्हा धरायला कापडच उरत नाही. शर्टाच्या बगलेची आणि कडेची शिवण दुमडून दोनदा मारलेली असेल, तर तो शर्ट कापड विरेपर्यंत सोबत करतो. आपल्या वडिलांचे शर्ट बहुधा शिंप्याकडून शिवलेले असावेत. कॉलरची घडी विरली, की शिंपी ती काढून उलटी लावून देत असत आणि शर्टाला आणखी काही वर्षे मिळत. ही दुरुस्ती आजही करता येते; ती मागणारे गिऱ्हाईक तेवढे कमी झाले आहे.

गोळे धरण्याचे कारण धाग्यात आहे. आखूड तंतूंचे टोक घर्षणाने वर येते आणि गुंतते. शुद्ध सुती कापडात असे गोळे पुष्कळदा आपोआप गळून पडतात, पण पॉलिएस्टर मिसळलेले असेल, तर त्याचे बळकट तंतू त्या गोळ्यांना धरून ठेवतात. म्हणून लांब तंतूच्या कापसाचे, घट्ट विणीचे, अंगाला थोडे जड लागणारे कापड निवडावे. कापड उजेडासमोर धरल्यास विरळ वीण लगेच दिसते. ताणल्या जाणाऱ्या जीन्समध्ये सर्वांत आधी मरतो तो आतला लवचिक धागा, आणि तो कोणालाही बदलता येत नाही. जी जीन्स दहा वर्षे घालायची आहे, ती साध्या जाड सुती कापडाची असावी, भले पहिले काही दिवस ती अंगाला टोचली तरी.

धुण्याने कपडे जेवढे झिजतात, तेवढे घालण्याने झिजत नाहीत, असे माझे मत आहे. कपडे उलटे करून, साध्या पाण्यात, कमी पावडरीने धुवावेत आणि रंगीत कपडे सावलीत वाळवावेत. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर दिवसभर तापलेला कपडा विटतो आणि रेशीम असेल तर कमकुवतही होते.

याच पत्रात आपण पैठणीचा दाखला दिला आहे. पैठणी पिढ्यान्पिढ्या टिकते ती विणकराच्या कौशल्याने, हे निःसंशय. पण ती वर्षातून एखाद्-दुसऱ्या वेळीच नेसली जाते, हेही तेवढेच खरे कारण आहे. तिला मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवावे, दर काही महिन्यांनी घड्या बदलाव्यात, नाहीतर रेशीम घडीवरच तुटते, आणि जरीला डांबरगोळ्या किंवा अत्तर लागू देऊ नये. रोजच्या झिजेची परीक्षा द्यावी ती सोलापुरी चादरीने. घोंगडी त्याहून दणकट असते, पण लोकर असल्याने तिला कसर लागते. वर्षातून दोनदा तरी उन्हात झटकून घ्यावी.

प्रश्न : मुलाच्या लग्नात घेतलेले बूट खोक्यात जपून ठेवले होते. चार वर्षांनी काढले, तर तळवे भाकरीच्या चुऱ्यासारखे गळून पडले. असे का व्हावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ते तळवे पॉलियुरेथेनचे असावेत. हे प्लास्टिक हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जाते, आणि कोकणच्या हवेत बंद खोक्यात ते वेगाने घडते. जपून ठेवल्याने त्याचे आयुष्य वाढत नाही. रबराचा किंवा चामड्याचा, शिवून बसवलेला तळवा घ्यावा. तो झिजल्यावर बदलता येतो. कोल्हापुरी चपलेला 2019 साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिचे चामडे वनस्पतींच्या सालीफळांनी कमावलेले असते आणि ती चामड्याच्याच वादीने शिवतात, त्यामुळे तिची दुरुस्ती सोपी असते. मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात ती घालू नये.

प्रश्न : भारतातून येताना येथील ओल्या वाटणासाठी मिक्सर आणावा का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : भारतातला 230 व्होल्टचा मिक्सर आपल्याकडच्या 120 व्होल्टवर रखडत चालेल आणि त्याच्यासाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर मिक्सरहून जड होईल. काही भारतीय कंपन्या 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात, तेच घ्यावेत. येताना भारतातून आणावेत ते त्या मॉडेलचे कपलर (मोटर आणि भांडे जोडणारा भाग), भांड्याची रबरी रिंग आणि कार्बन ब्रश. मोटर जळण्याच्या कितीतरी आधी हे तीन भाग जातात, आणि परदेशात मिक्सर फेकला जातो तो बहुधा यांच्यावाचून.

प्रश्न : आयुष्यभर टिकणाऱ्या वस्तू महाग असतात. हे सगळे पैसेवाल्यांचे बोलणे नव्हे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्या आक्षेपात तथ्य आहे. दहा वर्षे चालणारी वस्तू तिप्पट किमतीला मिळाली तर अखेर स्वस्त पडते, हा हिशेब बरोबर असला तरी तिप्पट रक्कम आज हातात असावी लागते. म्हणून सगळेच एकदम उत्तम घेण्याच्या फंदात पडू नये. रोज हाताळली जाणारी एकेक वस्तू निवडून तिच्यावर खर्च करावा आणि बाकीचे जसे मिळेल तसे चालवून घ्यावे. लाकडी सामानात जुने घेणे केव्हाही चांगले. मोडलेल्या वाड्यातले सागवानी कपाट नव्या भुशाच्या बोर्डाच्या कपाटाच्या किमतीत मिळू शकते. भुशाच्या बोर्डाला पाणी लागले की तो फुगतो आणि त्याचे स्क्रू पुन्हा धरत नाहीत. सागवान पाहताना गडद गाभ्याचे लाकूड घ्यावे, फिकट पांढुरका भाग वाळवीला बळी पडतो.

विजेच्या वस्तूंना मात्र टिकाऊपणाची कसोटी सरसकट लावू नये. जुना छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण 30 ते 35 वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे दिवसाला जवळपास अर्धा युनिट वाचतो, आणि परभणीच्या उन्हाळ्यात बारा तास हा कमीच अंदाज आहे. जुन्या पंख्याचा कपॅसिटर गावातला कोणताही वायरमन बदलून देतो, नव्याचे सर्किट बिघडले तर कंपनीकडे जावे लागते, हाही हिशेब धरावा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते पाहूनच पंखा घ्यावा. सुटे भाग किंवा वॉरंटीची सेवा नाकारली गेल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी बिल लागते, आणि हल्लीची बिले उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत कोरी होतात. बिल हाती आल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढावी किंवा फोनवर छायाचित्र घेऊन ठेवावे.