कॉडच्या जनुकांतली रिकामी जागा

प्रश्न : संसर्ग झाला की माशाच्या जनुकांत काय घडतं? – एक वाचक, मालवण

उत्तर : मासा साफ करताना कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी तुम्ही खरवडून काढता ना? ते त्याचं मूत्रपिंड. माशाच्या रक्तपेशी तिथेच बनतात आणि जंतू शिरला की संरक्षक जनुकंही तिथे कामाला लागतात. विषाणू असला तर आधी इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंना रोखणाऱ्या प्रथिनांची जनुकं.

मला मात्र चक्रावून टाकतो तो अटलांटिकमधला कॉड मासा. २०११ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी त्याचा जनुकसंच वाचला, तर जंतूंचे तुकडे संरक्षक पेशींना दाखवणारी एमएचसी-२ ही जनुकंच गायब! जिवाणूंची ओळख पटवायला आपलं त्यांच्यावाचून पानही हलत नाही. तरी कॉड धडधाकट! त्याच्याकडे एमएचसी-१ची, म्हणजे मुख्यतः विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून देणारी, जनुकं मात्र ढीगभर. व्हिब्रिओ या जिवाणूवरची लसही त्याला लागू पडते.