भिगवणची बस जरा थांबवा

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने यंदाची सहल रद्द करून ४०,००० रुपये जवळच्या शाळेतल्या मुलांच्या निसर्गशिक्षणासाठी काढून ठेवले आहेत. सातवीची ६० मुलं बसने उजनी धरणाकाठच्या भिगवणला नेऊन रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दाखवावेत आणि उरलेल्या पैशांत पाषाण तलावावर संघाच्या नावाचा माहितीफलक लावावा, असं बहुतेकांचं मत आहे. आपलं काय मत?
– संघाच्या चिटणीस, बावधन, पुणे

उत्तर : चिटणीसबाई, स्वतःची सहल सोडून मुलांचा विचार केलात, संघाला आधी नमस्कार. पण बस आणि फलक, दोन्हींना माझा विरोध आहे. फलकाचं सोडा, दोन पावसाळ्यांत माहिती पुसली जाते आणि देणाऱ्यांची नावं तेवढी वाचता येतात.

भिगवणचे रोहित देखणेच. पण जाऊन-येऊन २०० किलोमीटर, त्यात निम्मा दिवस बसमध्ये, मग नाश्ता, आणि उजनीच्या पाण्यावर जेमतेम तासभर. पाणथळ जागा म्हणजे लांब सोलापूर रस्त्याला असलेली सहलीची जागा, एवढंच मुलांच्या डोक्यात बसतं. सातवी-आठवीला विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सांगते.

रामनदी तुमच्या दारातून जाते. भुकूम-भूगावकडून बावधन, तिथून पाषाण तलाव, आणि पुढे औंधजवळ मुळेला मिळते. तुमच्या मोरीतलं पाणी कुठे जातं, असं विचारलं की अख्खा वर्ग गप्प होतो. तिथून सुरुवात करा. ६० नकोत, २० मुलं घ्या, आणि तीच मुलं, तोच काठ, दर महिन्याला, वर्षभर.

जलपर्णी पाहून मुलं म्हणतील, किती हिरवंगार! मग सांगायचं की ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते, खाली उजेड पोचू देत नाही, पाण्यातला प्राणवायू घटवते. तेवढ्यात त्याच जलपर्णीवरून जांभळी पाणकोंबडी ऐटीत चालत जाते. मुलं गोंधळतात. गोंधळू द्या, उत्तर लगेच देऊ नका.

काठचा चिखल चहाच्या गाळणीत धुऊन पांढऱ्या ताटलीत ओतला की बहुधा लालभडक अळ्या वळवळतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही त्या तगतात. हे काम मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं. मुलांनी फक्त बघायचं आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे.

हिवाळ्यात थापट्यासारखी पाहुणी बदकं येतील. हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही इथलंच. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस जास्त, हे संघातल्या गावाकडच्या कुणी आजोबांनी मुलांना सांगावं. मुलांनी जागा दुरूनच बघून वहीत लिहावी आणि सप्टेंबरात पावसाशी ताडून बघावी. खरं-खोटं त्यांचं त्यांना कळेल. म्हणजे पैसे देऊन तुमची सुटका नाही, तुम्हीही काठावर यायचं!

मुख्य खर्च मार्गदर्शकाच्या मानधनावर करा. निसर्गाचं काम ‘आवड आहे ना तुला’ म्हणून फुकटात करून घ्यायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. चार महिन्यांत त्या तरुण मार्गदर्शकाला पोटापाण्याचं काम मिळतं आणि आपला उपक्रम बुडतो. दुर्बिणी ८×४२ च्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या, तीन मुलांत एक. २० पट मोठं दाखवणाऱ्या घेऊ नका, लहान हातांत चित्र थरथरतं. बाकी वह्या आणि बसची तिकिटं.

२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो, १९७१ साली इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांसाठीचा करार झाला तो दिवस. तेव्हा मुलांनीच पालकांना काठावर नेऊन आपल्या नोंदी सांगाव्यात. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ काही नको.

भिगवणला पुढच्या वर्षी न्या. रोहित चोच उलटी धरून का खातो, हे तेव्हा मुलं आपणहून विचारतील.

प्रश्न : कवडीपाटला नदीकाठी नातवंडं पक्ष्यांना शेव-गाठी टाकतात. चालेल का?
– एक आजी, हडपसर

उत्तर : नको. मीठ-तेलाचं ते खाणं पक्ष्यांचं नव्हे, आणि त्यावर झुंबड उडते ती मुख्यतः घारी-कावळ्यांची. बाकीचे पक्षी लांब सरकतात. पुडी गाडीतच ठेवा. सकाळी लवकर जा आणि सूर्य पाठीशी घेऊन उभ्या राहा, म्हणजे पिसांचे रंग नीट दिसतील.