घरातल्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायला विद्यार्थ्यांना कसं शिकवावं?

आधी मुलांच्या हातातली प्रश्नांची यादी काढून घ्या. यादी असली की मूल पुढच्या प्रश्नावर डोळा ठेवून बसतं, समोरचं ऐकतच नाही. ‘तुमचं बालपण चांगलं होतं का?’ याला ‘हो’ एवढंच उत्तर येतं. ‘शाळेची वाट कशी होती, सांगा ना’ म्हटलं की गाडी सुरू होते. जुना फोटो पुढ्यात ठेवला तर आणखी छान.

सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसणं. आजोबा जरा थांबले की मुलं लगेच पुढचा प्रश्न टाकतात. मनात १० पर्यंत मोजायला सांगा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. वर्गात जोड्या करून हाच सराव घ्या. आजोबांचं साल चुकलं तरी मध्येच दुरुस्त करायचं नाही, पडताळणी नंतर.

फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, अर्ध्या मिनिटाची चाचणी ऐकून बघायची. सुरुवातीलाच नाव, तारीख, ठिकाण बोलून घ्यायचं. परवानगी मात्र दोनदा: रेकॉर्ड करण्याआधी आणि दुसऱ्यांना ऐकवण्याआधी. ‘हे बाहेर नको’ म्हटलेला भाग ऐकवायचा नाही, कितीही रंगतदार असला तरी. मूळ फाइलची प्रत त्याच दिवशी दुसरीकडे ठेवा.