ग्रह गोलच का असतात, आणि छोटे लघुग्रह वेडेवाकडे का?

गुरुत्वाकर्षणामुळे. ग्रहाचं वस्तुमान इतकं प्रचंड असतं की त्याचं स्वतःचंच गुरुत्वाकर्षण प्रत्येक कणाला सगळ्या बाजूंनी सारखं केंद्राकडे ओढत राहतं, आणि एवढ्या दाबाखाली आतला गरम खडकसुद्धा हळूहळू सरकतो, मग जो भाग जास्त वर आलाय तो खचतो, खोलगट भाग भरून निघतो आणि शेवटी गोल आकारच उरतो. छोट्या वस्तूत ही ओढ खडकाच्या मजबुतीपुढे कमी पडते, म्हणून मंगळाचा चंद्र फोबोस, जेमतेम 22 किमीचा, बटाट्यासारखा दिसतो. किती मोठं झाल्यावर गोल होणार ते कशापासून बनलंय यावरही असतं, बर्फ खडकापेक्षा लवकर नमतो, त्यामुळे शनीचा बर्फाळ चंद्र मिमास सुमारे 400 किमीचा असूनही गोल आहे. फक्त एक लक्षात घ्या, अगदी परफेक्ट गोल कोणताच ग्रह नसतो, कारण स्वतःभोवती फिरताना मधला भाग बाहेर फुगतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा साधारण 43 किमीने जास्त आहे, आणि शनी तर साडेदहा-पावणेअकरा तासांतच एक फेरी मारतो म्हणून तो जवळपास 10 टक्के चपटा आहे, साध्या टेलिस्कोपमधल्या फोटोतही नीट बघितलं तर कळतं.